सटवाईच्या आधीची अक्षरे

बाळ जन्मल्यावर पाचव्या दिवशी आमच्या घरी पाटा-वरवंटा धुऊन मांडीत. त्यावर हळदकुंकू, फुले, पुढे नैवेद्य, आणि शेजारी एक कोरा कागद व लेखणी. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे भाग्य लिहून जाते, म्हणून त्या रात्री घरातला दिवा विझू देत नसत. आम्ही मुले पहाटे सर्वांच्या आधी उठून तो कागद पाहत असू. तो कोराच असे. आजी हसून म्हणे, "अरे, कागद नुसता मान म्हणून ठेवायचा. ती लिहिते कपाळावर, आणि ते अक्षर माणसाला वाचता येत नाही."

आजीच्या त्या उत्तराची आठवण अलीकडे एका निराळ्याच कारणाने पुन्हा झाली. माणसाच्या देहाची जी मूळ पोथी, तिच्यावर काही खुणा खरोखरच केल्या जातात, हे शास्त्रज्ञांना आता ठाऊक झाले आहे. मात्र त्या पाचवीच्या रात्री होत नाहीत. बाळ जन्मण्याच्या, एवढेच नव्हे तर गर्भ राहण्याच्याही कित्येक महिने आधी त्या होतात, आणि ते काम चालते आईच्या शरीरात पिकत असलेल्या एका बीजामध्ये. ते बीज शोधण्यास, त्याचे पिकणे पाहण्यास आणि त्यावरील अक्षरे वाचण्यास माणसाला साडेतीनशेहून अधिक वर्षे लागली. त्या शोधाची ही कथा आहे.

स्त्री हे क्षेत्र आणि पुरुषाचे ते बीज, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात तिचा ऊहापोह आहे. कोठे क्षेत्र श्रेष्ठ, कोठे बीज श्रेष्ठ, असे म्हणत म्हणत कौल अखेर बीजाकडे झुकतो. ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल याचेही मत याच वळणाचे. आई द्रव्य पुरवते, त्याला आकार देतो तो पिता, असे तो मानी. आमच्या चरकाने मात्र वाटणी अधिक न्यायाने केली. रक्त, मांस, मेद, हृदय ही मातेकडून आली, तर केस, नखे, दात, हाडे ही पित्याकडून, असे चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे. (यांतील केस आणि दात वाचकांनी ध्यानात ठेवावेत, पुढे त्यांचे काम पडणार आहे.) परंतु घरोघरी रुजली ती क्षेत्राचीच कल्पना. पीक आले तर वाखाणणी बियाण्याची. पीक बुडाले की जमीन नापीक. या एका उपमेपायी किती घरांत किती सुनांनी खाली मान घालून दिवस काढले असतील, त्याची मोजदाद कोण करणार?

स्त्रीलाही स्वतःचे बीज असते, ही गोष्ट प्रथम तर्काने मांडली गेली. डोळ्यांनी दिसली ती फार पुढे. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वे हा इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा वैद्य होता. राजाला हरिणांच्या शिकारीचा नाद, आणि त्या शिकारीतील माद्यांची गर्भाशये हार्वे उघडून पाही. वर्षानुवर्षे पाहूनही विणीच्या आरंभी त्यांत त्याला काहीच सापडले नाही. तरीही १६५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने ठामपणे लिहिले, की प्राणिमात्राची उत्पत्ती अंड्यापासूनच होते. त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरील चित्रात देवराज झ्यूस हातांतले अंडे उघडतो आहे आणि त्यातून नाना प्राणी बाहेर पडत आहेत. सिद्धान्त होता, चित्रही होते. नव्हते ते अंडे!

पुढे हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी राइनिएर द ग्राफ या तरुण वैद्याने १६७२ मध्ये स्त्रीच्या जननेंद्रियांवर मोठा ग्रंथ लिहिला. अंडाशयावर दिसणारे पाण्याने भरलेले फोड म्हणजेच अंडी किंवा अंड्यांची घरे, असे त्याने ओळखले. सशाच्या माद्या समागमानंतर ठराविक दिवसांनी तपासून, बीजवाहिनीत उतरलेले सूक्ष्म गोलकही त्याने पाहिले. एक कोडे मात्र त्याला सुटेना. हे गोलक त्या फोडांहून कितीतरी लहान कसे? उत्तर मिळण्यापूर्वीच, दुसऱ्या वर्षी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तो वारला. जाण्यापूर्वी त्याने एक उपकार करून ठेवला. आपल्याच गावातील लेव्हेनहूक नावाच्या कापडव्यापाऱ्याने अद्भुत भिंगे घडविली आहेत, असे पत्र त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिले. त्याच भिंगांतून १६७७ मध्ये पुरुषाचे शुक्रजंतू वळवळताना दिसले, आणि बीजाचे पारडे पुन्हा पित्याकडे झुकले.

त्यानंतरचे शतक मोठ्या गमतीचे. काही पंडित म्हणत, शुक्रजंतूच्या डोक्यात इवलासा माणूस गुडघे मुडपून बसलेला असतो. दुसरे म्हणत, तो असतो आईच्या अंड्यात. आणि त्या इवल्या मुलीच्या अंड्यांत तिच्या मुली, त्यांच्या अंड्यांत त्यांच्या, अशा पेटीत पेटी ठेवाव्या तशा पुढच्या साऱ्या पिढ्या पहिल्या स्त्रीच्या पोटात रचून ठेवलेल्या होत्या. आज आपण या कल्पनेला हसतो. पण जरा थांबावे. तिच्यातला एक धागा खरा निघायचा होता.

प्रत्यक्ष बीज दिसले ते १८२७ मध्ये. प्रशियातील क्योनिग्सबर्ग येथे, म्हणजे आजच्या रशियातील कालिनिनग्राड येथे, कार्ल अर्न्स्ट फोन बेअर हा शरीररचनेचा प्राध्यापक कुत्रीच्या गर्भाचा माग मागे मागे काढीत अंडाशयापर्यंत येऊन ठेपला होता. विणीच्या अगदी आरंभीची कुत्री त्याला हवी होती. त्याचा सहकारी बुर्डाख याने आपल्या घरची कुत्री दिली. द ग्राफच्या फोडात बेअरला एक पिवळट ठिपका तरंगताना दिसला. त्याने तो सुरीच्या टोकावर उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि वीज पडावी तसा तो मागे सरला. पुन्हा डोळा लावण्यास त्याला धीर करावा लागला, असे त्यानेच पुढे लिहून ठेवले आहे. द ग्राफचे कोडे सुटले. फोड म्हणजे अंडे नव्हे, ते अंड्याचे घर. खरे बीज त्यात एका कोपऱ्यात असते. मनुष्याचे बीज एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून किंचित मोठे. रांगोळीच्या बारीक कणाएवढे म्हणावे. १८७६ मध्ये ऑस्कर हर्टविग याने समुद्रातील एका काटेरी प्राण्याच्या अंड्यात शुक्रजंतू शिरताना आणि दोहोंची केंद्रके एकरूप होताना पाहिली. आई आणि बाप दोघेही बीजाचे धनी आहेत, याचा निकाल येथे लागला.

आता तो खरा निघालेला धागा. वाल्डायर या जर्मन शास्त्रज्ञाने १८७० मध्ये असे मत मांडले होते, की मुलीची सारी बीजे तिच्या जन्माच्या सुमारासच तयार झालेली असतात. यावर बरीच वर्षे वाद चालला. १९५१ मध्ये सॉली झुकरमन यांनी साऱ्या पुराव्याची छाननी करून वाल्डायरच्या बाजूने निर्णय दिला, आणि १९६३ मध्ये बेकर यांनी मानवी अंडाशयांतील बीजपेशी प्रत्यक्ष मोजल्या. आईच्या पोटातील पाच महिन्यांच्या स्त्रीगर्भात त्या सुमारे सत्तर लाख असतात. जन्मापर्यंत त्यांतील बहुसंख्य नाहीशा होतात, वयात येईपर्यंत काही लाख उरतात, आणि त्यांतून साऱ्या आयुष्यात पिकून बाहेर पडतात त्या जेमतेम चारशे.

वाचकहो, याचा अर्थ नीट ध्यानी घ्या. ज्या बीजापासून तुम्ही झालात ते तुमच्या आईच्या देहात ती स्वतः आजीच्या पोटात असताना तयार झाले. आजीला डोहाळे लागले होते, ओटी भरली जात होती, तेव्हा त्या एका देहात तीन पिढ्यांचा वास होता. पेटीत पेटी अनंत नसली, तरी एकात एक अशा दोन तरी होत्या.

तेथे ते बीज आपले विभाजन सुरू करते आणि अर्ध्यावरच थांबते. मग ते झोपी जाते. पंधरा वर्षे, पंचवीस वर्षे, कधी चाळीस वर्षेही. त्याची झोप कशी मोडते, हा पुढच्या शोधाचा विषय झाला.

अमेरिकेतील ग्रेगरी पिंकस याने १९३५ मध्ये दाखविले, की सशाचे बीज त्याच्या घरातून काढून बशीत ठेवले की ते आपोआप जागे होते आणि थांबलेले विभाजन पुन्हा सुरू करते. मानवी बीजाला यासाठी बारा तास लागतात, असेही त्याने पुढे सांगितले. बोस्टनमध्ये जॉन रॉक या डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत मिरियम मेनकिन ही बाई सहा वर्षे मानवी बीजे बशीत फलित करू पाहत होती. यश येईना. १९४४ च्या फेब्रुवारीत तिच्या तान्ह्या लेकीला दात येत होते. रात्री जागरण झालेले. त्या दिवशी शुक्रजंतू धुण्यात थोडी कसूर झाली, आणि बीजाबरोबर ते नेहमीच्या अर्ध्या तासाऐवजी तासभर राहिले. दोन दिवसांनी पाहते तो बीजाचे दोन भाग झालेले! शरीराबाहेर मानवी बीज फलित होण्याची ही पहिली नोंद. रडणाऱ्या लेकीचा शास्त्राला असा उपयोग क्वचितच झाला असेल.

तरीही बीज पिकते केव्हा, हे निश्चित होत नव्हते. इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्‌स यांना मॉली रोझ या स्त्रीरोगतज्ज्ञ शस्त्रक्रियेत काढलेल्या अंडाशयांचे तुकडे देत. एडवर्ड्‌स बारा तास थांबत आणि पाहत, बीज ढिम्म. अखेर त्यांनी अधिक काळ वाट पाहायचे ठरविले. सुमारे २४ तासांनंतर हालचाल दिसू लागली आणि पुरते पिकायला ३६ तासांहून अधिक वेळ लागला. १९६५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. पिंकसचे बारा तास खरे धरून किती जणांनी कच्चीच बीजे वापरून पाहिली असतील! पुढे पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांच्या साहाय्याने २५ जुलै १९७८ रोजी ओल्डॅम येथे लुईस ब्राउन जन्मली. तिचे बीज आईच्या नैसर्गिक पाळीत पिकलेले एकच होते. पिकवण्याचे काम देहानेच पुरे केले होते; शास्त्रज्ञांनी केवळ वेळ साधली.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने दुसरी मुलगी जन्मली. शासनाने नेमलेल्या समितीला त्यांचे म्हणणे पटले नाही. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कार्याला फळ आले, तेव्हा तेच भारतातील पहिले मानले गेले. पुढे आनंद कुमार यांनी मुखोपाध्यायांची टिपणे स्वतः वाचली आणि पहिलेपणाचा मान त्यांचा आहे, असे १९९७ मध्ये जाहीरपणे सांगितले. स्वतःच्या माथ्यावरचा मुकुट असा उतरवून दुसऱ्याला देणारी माणसे इतिहासात थोडी.

बीज सापडले, ते पिकताना दिसले. आता राहिली त्यावरील अक्षरे.

आपल्या जुन्या पोथ्या पाहिलेल्यांना ठाऊक असेल, की लेखनिकाचे काही चुकले तर तो त्या अक्षरांवर पिवळा हरताळ लावी. अक्षर खाली असे, पण वाचणारा ते सोडून पुढे जाई. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार त्यातूनच आला. देहाच्या प्रत्येक पेशीत डीएनए नावाची एकच पोथी असते, डोळ्याच्या पेशीत तीच आणि यकृताच्या पेशीतही तीच. तरी डोळा डोळाच होतो, कारण प्रत्येक ठिकाणी निरनिराळ्या ओळी वाचल्या जातात. कोणत्या ओळी झाकायच्या हे ठरविणाऱ्या खुणांपैकी एक म्हणजे मेथिल. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा हा इवला ठिपका डीएनएच्या सी या अक्षराला चिकटतो. अक्षर बदलत नाही, वाचन बदलते. पेशी दुभंगली तरी हा हरताळ नव्या प्रतीवर जसाच्या तसा उतरवता येतो, अशी कल्पना १९७५ मध्ये हॉलिडे व पग यांनी इंग्लंडमध्ये आणि रिग्ज यांनी अमेरिकेत स्वतंत्रपणे मांडली. या साऱ्या विषयाला एपिजेनेटिक्स हे नाव पडले. वॅडिंग्टन यांनी १९४२ मध्ये ते योजले, आणि त्यासाठी धातू घेतला तो हार्वेच्या ग्रंथातील 'एपिजेनेसिस' या जुन्या शब्दाचा. गर्भ आधी घडवून ठेवलेला नसतो, तो क्रमाक्रमाने घडत जातो, हा त्याचा अर्थ.

आता एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. आईची पोथी आणि बापाची पोथी बहुतेक सारखीच. मग आईच्याच दोन प्रती एकत्र केल्या तर बाळ का होऊ नये? १९८४ मध्ये हा प्रयोग झाला. केनियात जन्मलेले भारतीय वंशाचे अझीम सुरानी यांनी केंब्रिजमध्ये, आणि मॅकग्रा व सोल्टर यांनी फिलाडेल्फियात, उंदरांच्या नुकत्याच फलित झालेल्या बीजांतील केंद्रके बदलून पाहिली. सुरानी हे एडवर्ड्‌स यांचेच शिष्य. दोन आयांची केंद्रके घातली, तर गर्भ बराचसा आकार घेई पण वार नीट वाढत नसे. दोन बापांची घातली, तर वारेचा भाग वाढे आणि गर्भ खुंटे. एकही जगला नाही. पोथी तीच असली, तरी आईने हरताळ लावला होता काही ओळींवर आणि बापाने निराळ्याच ओळींवर; दोन्ही प्रती हाताशी असल्याशिवाय पाठ पुरा होत नव्हता. क्षेत्र-बीजाच्या हजारो वर्षांच्या वादाला याहून चोख उत्तर कोणते हवे?

निसर्ग हा प्रयोग माणसातही आधीपासून करीत होता. फक्त तो कोणाला वाचता आला नव्हता. काही स्त्रियांच्या अंडाशयात गाठ होते आणि ती कापली तर आत केस आणि दात सापडतात. ही गाठ फलित न झालेल्या बीजापासूनच, बापाच्या वाट्यावाचून होते, असे १९७५ मध्ये सिद्ध झाले. चरकाने पित्याकडे दिलेले केस आणि दात येथे एकट्या आईचे निघाले! याच्या उलट द्राक्षगर्भ. यात गर्भाशयात बाळ नसतेच. द्राक्षांच्या घडासारखे फुगलेले वारेचे बुडबुडे असतात. अशा द्राक्षगर्भात बहुधा आईची गुणसूत्रे मुळीच नसतात, सारी बापाचीच असतात, असे काजी आणि ओहामा यांनी १९७७ मध्ये दाखविले.

हॉलंडमध्ये लोसडाउनेन गावी एक दंतकथा सांगतात. हेनेबर्गच्या मार्गारेट नावाच्या उमराव स्त्रीने जुळी मुले घेऊन आलेल्या एका भिकारणीच्या शीलावर शिंतोडे उडविले, आणि तिच्या शापाने १२७६ साली त्या उमराव स्त्रीला एकाच वेळी ३६५ मुले झाली! त्यांना न्हाऊ घातलेली पात्रे तेथील चर्चमध्ये दाखवीत. तो द्राक्षगर्भ असावा, असे पुढील काळातील वैद्यांनी म्हटले आहे. पण कथा कशी झाली पाहा: बुडबुड्यांची झाली मुले, आणि व्याधीचे झाले पाप. आपल्याकडे तरी निराळे काय होत आले?

मग आईच्या बीजावर हा हरताळ लागतो केव्हा? येथे आजीच्या त्या कोऱ्या कागदाकडे परत यावे लागते. स्त्रीगर्भ काही आठवड्यांचा असताना त्याच्या बीजपेशींवरील जुना हरताळ जवळजवळ सगळा पुसून टाकला जातो. शेकडा दहाहूनही कमी उरतो. हे मानवी गर्भात २०१५ मध्ये वाचले गेले, आणि वाचणाऱ्यांत सुरानी यांचा गटही होता. अशा कोऱ्या पोथीनिशीच बीज झोपी जाते आणि वर्षानुवर्षे कोरेच राहते. पुढे मुलगी वयात आल्यावर पाळीपाळीने काही बीजे जागी होऊन वाढू लागतात. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या तीन-चार पटींपासून ती दहाव्या हिश्शाच्या पुढे जातात. या वाढीला कित्येक महिने लागतात, आणि याच महिन्यांत खुणा उमटतात. त्यांची रीत मोठी विलक्षण आहे. वाढत्या बीजात पोथीच्या ज्या ओळी वाचल्या जातात, बहुधा त्यांच्यावरच मागाहून ठिपके पडतात. वाचणाऱ्याचे बोट फिरले तेथे खूण राहावी तसे. मानवी बीजांची ही खूणवाट २०१४ मध्ये जपान, चीन आणि अमेरिका येथील गटांनी प्रसिद्ध केली. शुक्रजंतूच्या पोथीत ज्या जागी ठिपका बसू शकतो, त्यांपैकी पाऊण भागावर तो असतो. पक्व स्त्रीबीजात निम्म्याच्या आसपास. दोन लेखनिकांची दोन वळणे!

याचा पडताळा जपानमध्ये आधीच मिळाला होता. टोमोहिरो कोनो यांनी २००४ मध्ये दोन आयांची एक उंदरी घडविली. युक्ती अशी, की एक बीज घेतले पिकलेले आणि दुसरे नवजात पिलाच्या अंडाशयातले, म्हणजे वाढ न झालेले, कोरे. त्या कोऱ्या बीजातील एक जनुकही त्यांना बदलावे लागले. शेकडो प्रयत्नांतून एकच पिलू वाढले. वेळूच्या पेरात सापडलेल्या जपानी कथेतील राजकन्येवरून त्यांनी त्याचे नाव कागुया ठेवले. आईचे अक्षर बीजाच्या वाढीतच लिहिले जाते, याला यापेक्षा उघड साक्ष कोणती?

वाढ पुरी झाल्यावर बीजातील वाचन थांबते. डीएनए ज्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, त्यांवरील काही खुणा शेवटच्या टप्प्यात पुसल्या जातात. म्हाताऱ्या उंदरीच्या बीजांत हे पुसणे अपुरे राहते, आणि ते मुद्दाम रोखले तर गुणसूत्रांची वाटणी चुकते, असे २००६ मध्ये आढळले. एडवर्ड्‌स यांनी ज्यांची वाट पाहिली ते छत्तीस तास असे गजबजलेले असतात.

आणि हे लेखन चुकले तर? काही थोड्या स्त्रियांना एकदा नव्हे, पुनःपुन्हा द्राक्षगर्भच राहतो. त्यांच्या बाबतीत गुणसूत्रे आईबाप दोघांची असतात, तरीही असे होते. २००६ मध्ये अशा काही कुटुंबांत एनएलआरपी-७ नावाच्या जनुकात दोष सापडला. त्यामुळे बीज पिकताना आईचा हरताळ लागायचाच राहतो. पोथी आईची असूनही बापाच्या प्रतीसारखी वाचली जाते. अशा काही स्त्रियांनी पुढे दुसऱ्या स्त्रीने दिलेल्या बीजापासून निरोगी बाळांना जन्म दिला, अशी नोंद २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे ज्या क्षेत्राला जग नावे ठेवीत होते, ते निर्दोषच होते! चूक होती ती एका अदृश्य लेखनातली, आणि त्या लेखनावर त्या बाईची इच्छा, व्रत, वागणूक यांपैकी कशाचीच सत्ता नव्हती.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की जुना दोषारोप नवे नाव घेऊन परत येऊ पाहतो आहे. आजीने काय खाल्ले, आई कशाने दुःखी होती, त्याची खूण नातवंडांवर उमटते, असे आता सर्रास बोलले जाते. गर्भारपणी आईला सकस अन्न आणि विसावा मिळावा, यात वाद नाही. परंतु पिढीपिढीतून उतरणारे असे लेख माणसात सिद्ध झालेले नाहीत. त्याविषयीचे बरेचसे प्रयोग उंदरांवरचे आहेत. उलट दिसते ते असे, की प्रत्येक नव्या गर्भात बीजपेशी जुना हरताळ धुऊन काढतात. फलित झाल्यावरही बाकीच्या देहासाठी तो पुष्कळसा पुसला जातो. आईबापांच्या ठरलेल्या थोड्या खुणा तेवढ्या राखल्या जातात. क्षेत्र म्हणून जिला शतकानुशतके बोल लावला, तिला आता लेखनिक म्हणून बोल लावू नये.

लुईस ब्राउन २००६ मध्ये स्वतः आई झाली, आणि तेही कोणत्याही प्रयोगशाळेच्या मदतीवाचून. बशीत आरंभ झालेल्या देहानेही आपली पोथी पुसली, कोरी केली आणि पुन्हा वेळेवर लिहिली.

आमच्या घरात आता पाचवीचा पाटा मांडला जातो तो आजीच्या आठवणीने. मागच्या खेपेस नातीच्या पाळण्याशेजारी मी स्वतः कागद आणि लेखणी ठेवली. घरातील तरुण मंडळी हसली. त्यांना मी सांगितले, की या मुलीची आईकडची अक्षरे तिच्या आईने केव्हाच लिहून ठेवली आहेत, आणि बापानेही आपली लिहिली आहेत. आणि या एवढ्याशा देहात आताच लाखो कोऱ्या पोथ्या आपल्या पाळीची वाट पाहत निजल्या आहेत. सकाळी उठून पाहिले तर कागद कोराच होता. या खेपेस मात्र त्याचे वाईट वाटले नाही.